हौसाबाईचं बिनअक्षरी भेटकार्ड

संक्रांतीचा हलवा पाकिटात घालून पोस्टानं पाठवायचा असेल, तर त्याची पुडी डाव्या कोपऱ्यात अगदी खाली चिकटवावी. तिकीट उजवीकडे वर असतं, पोस्टातला माणूस शिक्का तिथंच आपटतो, आणि पुडी वर असली की हलव्याचं पीठ होऊन पोचतं. विमलाबाई घळसासींना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. वडील साताऱ्याला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी मुलीला चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांना बसवलं, आणि सतराव्या वर्षी माळवेडीच्या रघुनाथराव घळसासींशी तिचं लग्न झालं तेव्हा रुखवतात लाडवांच्या परातीशेजारी रंगांची पेटी ठेवली. बायका हसल्या होत्या. “ही काय सासरी भिंती रंगवणार?” म्हणाल्या होत्या.

भिंती नाही, पण विमलाबाईंनी दर संक्रांतीला भेटकार्डं रंगवली. नणंदा, आत्येसासू, माहेरची माणसं, शाळेतल्या दोन मैत्रिणी, अशी तीस-बत्तीस. जाड कागद कातरायचा, कडेला डिंकानं तिळाची ओळ लावायची, मधे सुगड, ऊस, हरभऱ्याचा घाटा असं काहीबाही काढायचं, खाली वळणदार अक्षरात ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, आणि घरातल्या सगळ्यांची नावं. पौष लागला की नणंदा पोस्टमनची वाट बघायच्या म्हणे.

माळवेडीत शेजारच्या हौसाबाईला मात्र कार्ड नसायचं. तिला कशाला कार्ड? दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. संक्रांतीच्या सकाळी विमलाबाई अलीकडून वाटी द्यायच्या, हौसाबाई पलीकडून. हौसाबाई म्हणायची, “घ्या वयनी, आन ग्वाड बोला. न्हाई बोललासा तर वाटी परत घीन!” नऊ वर्षं हा विनोद तोच होता आणि नऊ वर्षं दोघी हसत होत्या. हौसाबाई विधवा, वयानं विमलाबाईंच्या आईएवढी, अक्षराला पारखी. तिचा एकुलता एक मुलगा मारुती. त्याला रघुनाथरावांनी आपल्या ओट्यावर बसवून लिहायला-वाचायला शिकवलं होतं. गावातल्या वीस-पंचवीस पोरांना शिकवलं, पण मारुती त्यांचा खास. चौथीच्या पुढं शाळा नव्हती, तर पुढची पुस्तकं त्यांनी त्याला स्वतः आणून दिली.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. जानेवारीच्या शेवटी दिल्लीत गांधीजींचा खून झाला, मारणारा ब्राह्मण निघाला, आणि त्या आठवड्यात सातारा भागातली ब्राह्मणांची घरं पेटली. माळवेडीला लॉरी आली ती दुपारी चारच्या सुमाराला. परक्या गावची माणसं होती. पण लॉरीतून उतरलेल्यांना कुठलं घर कुणाचं हे कुणीतरी दाखवलंच असणार, आणि गावाच्या मनात आजवर काय काय साचलं होतं तेही त्या दिवशी बाहेर आलं. रघुनाथराव कामासाठी वाईला गेलेले. हौसाबाई भिंतीवरून चढून आली, आठ वर्षांच्या यमूला काखेत मारलं, विमलाबाईंचं मनगट धरलं आणि दोघींना ओढत आपल्या घरात नेलं. ओसरीवर नाही, माजघरात नाही, थेट चुलीपुढं बसवलं.

तिथं बसल्यावर विमलाबाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर हे, की नऊ वर्षांत हौसाबाई आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेली नाही. आपण तिला बोलावलं नाही, आणि तिनंही कधी पाऊल टाकलं नाही. बाहेर वासे कोसळल्याचा आवाज येत होता आणि त्या हा विचार करत होत्या. हौसाबाईनं भाकरी थापली, तिघींच्या पुढं एकेक ताटली ठेवली. यमूनं खाल्लं. विमलाबाईंनीही खाल्लं.

दिवेलागणीला मारुती दारात आला. “आई, पाणी दे,” म्हणाला, आणि चुलीच्या उजेडात त्याला विमलाबाई दिसल्या. तो तसाच मागं फिरला. पण तेवढ्यात रॉकेलचा वास आत आला होता. घरात चिमणीही लागलेली नव्हती. हौसाबाई भाकरी उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

पहाटे कडब्याच्या गाडीत बसवून तिनं दोघींना सडकेपर्यंत पोचवलं.

त्यानंतर पुण्यात नातेवाइकांकडे तीन महिने, मग कुणाच्या तरी ओळखीनं रघुनाथरावांना कल्याणच्या घाऊक बाजारात एका धान्याच्या पेढीवर लिहिण्याचं काम मिळालं, आणि बिऱ्हाड डोंबिवलीला आलं. आवडाबाईंच्या चाळीतल्या दोन खोल्या. आवडाबाईंच्या माणसांनी पूर्वी मिठागरांत कामं केलेली, भातशेती केलेली. आता जमिनीवर चाळी उठत होत्या आणि आवडाबाई मालकीणबाई झाल्या होत्या. पण अजून सकाळी पदर खोचून स्वतः विहिरीवर यायच्या आणि नव्या बिऱ्हाडकरणींना पाणी कसं शेंदायचं ते शिकवायच्या.

विमलाबाई पाणी शेंदायला शिकल्या. राख चाळून भांडी घासायला, उघड्या खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात शेगडी पेटवायला शिकल्या. सगळं व्हायचं. स्वयंपाक वेळेवर, यमूची वेणी वेळेवर. फक्त त्यांना काही लागेनासं झालं होतं. आंबट लागायचं नाही, थंडी वाजायची नाही. यमूला ताप आला तेव्हा त्यांनी पट्ट्या ठेवल्या, रात्रभर बसल्या, आणि ताप उतरला तेव्हा रघुनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. विमलाबाई उठून पट्ट्या वाळत घालायला गेल्या. पूर्वी त्या नवऱ्याशी चांगल्या वाद घालायच्या. आता सगळ्याला एकच उत्तर होतं, “बरं.”

डिसेंबरात रघुनाथरावांनीच विषय काढला. “यंदा कार्डं करायची ना?”

“बरं.”

“बरं नाही, करायचीच. सगळ्यांना कळू दे, घळसासी आहेत म्हणून. खाली नवा पत्ता ठळक लिही.” त्यांनी पेढीवरून रद्दी झालेले जाड पुठ्ठ्याचे कागद आणले होते, एका बाजूनं कोरे. त्यांनी यादी करायला घेतली. नावं सांगत गेले, विमलाबाई लिहीत गेल्या. एकतीस झाली.

“आणि हौसाबाई,” विमलाबाई म्हणाल्या.

रघुनाथरावांचा आवाज चढला नाही. “माळवेडीचं नाव या घरात नको.”

“तिनं आम्हाला—”

“ठाऊक आहे मला. तिचे उपकार मी विसरलो नाही. पण त्या गावात पत्र जाणार नाही आणि तिथून येणार नाही. मला ते गाव डोळ्यांपुढंसुद्धा नको.” मग थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या सुरात, “एक मारुती तेवढा. त्या पोराचं वाईट वाटतं. इतकं समजूतदार पोर, त्या सगळ्या गर्दीत एकटा काय करणार? घाबरला असेल. बाकी गावानं तोंडाला काळं फासून घेतलं, पण निदान एक माणूस आपण तयार केला तिथं.”

हे वाक्य ते महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायचेच. जेवताना, नाहीतर चपला काढताना. माळवेडीतलं त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं. विमलाबाईंनी दर वेळी ऐकून घेतलं होतं आणि रॉकेलची गोष्ट एकदाही सांगितली नव्हती.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि यादीची घडी घातली.

रंगांची पेटी घराबरोबर गेली होती. त्यांनी कुंकू डिंकाच्या पाण्यात कालवून लाल केला, हळदीचा पिवळा, कपड्यांच्या निळीचा निळा, आणि पालकाची पानं वाटून फडक्यातून हिरवा गाळला. काळ्याला काजळ होतंच. हलवा घरीच करायचा. शेगडीवर मंद आचेची परात, परातीत तीळ, वरून चमचाभर पाक, आणि बोटांनी फिरवत राहायचं, तासन् तास, चार दिवस, म्हणजे तिळावर काटा चढतो. तिसऱ्या दिवशी यमू किंचाळली, “आई, हात!” विमलाबाईंनी पाहिलं तर करंगळी परातीच्या कडेला टेकून राहिली होती आणि कातडी पांढरी पडली होती. त्यांनी हात काढून घेतला, तूप लावलं आणि दुसऱ्या हातानं हलवा फिरवायला लागल्या.

आवडाबाई दुपारी चाळीतून चक्कर मारायच्या. दारात उभ्या राहून त्यांनी कार्डांचा पसारा पाहिला.

“काय करतंस गो बामनीन? लगीन हाय काय कुनाचा?”

“संक्रांतीची कार्डं, आवडाबाई. पोस्टानं पाठवायची.”

“आन ह्ये तीळ चिकटवलंस? वाटेत उंदरा खातील ना!” त्या आत येऊन बसल्या, एक कार्ड उचललं, उलटं धरलं, सुलटं धरलं. “सुगड काढलंस. भारी दिसतंय गो. ह्या खाली काय लिवलंस?”

“तिळगूळ घ्या, गोड बोला.”

“गोड बोला!” आवडाबाई हसल्या. “मग मना पन एक दे. माझी भन हाय कळव्याला, बायजा. दोन वरसा झाली, बोलत नाय माझ्याशी.”

“का बरं?”

“कोंबडीपायी. माझी कोंबडी नेली तिनं अंडी उबवाया, परत नाय दिली. बोलते, मेली. मेली कशी? मी सोता बघितली तिच्या दारात चरताना! मी पन बोलली काय काय. ती पन बोलली. आता माझाच जीव होतंय कासावीस. वरीस कितीसा राह्यला आमचा.”

“मग लिहू का, झालं गेलं विसर म्हणून?”

“नको गो बाय!” आवडाबाईंनी दोन्ही हात हलवले. “अक्षरा नको काढू. तिना कुठं वाचता येतंय? तिची सून वाचल. सून वाचल नं सगल्या कळव्याला सांगल, आवडाबाईनं माफी मागली म्हनून. तू कोंबडी काढ. नुस्ती कोंबडी, तिच्या पायाखाली अंडी. बायजाना समजल.”

विमलाबाईंनी कोंबडी काढली. आवडाबाईंनी शेजारी बसून सूचना केल्या. तुरा मोठा हवा, शेपूट काळं हवं, आणि अंडी सहा हवीत, कारण सहाच होती. कार्ड झाल्यावर त्यांनी ते पदराखाली धरून नेलं, जणू जिवंत कोंबडीच आहे.

त्या गेल्यावर विमलाबाई बराच वेळ नुसत्या बसल्या. शेगडी विझत आली होती.

हौसाबाईला कार्ड पाठवायचं तर ते मारुती वाचणार, ही अडचण त्यांना यादी करतानाच दिसली होती. दुसरं वाचणारं त्या घरात कोण आहे? पोस्टमन दारात हाक मारणार, हौसाबाई पाकीट घेणार आणि लेकाच्या हातात देणार. मग मारुती मोठ्यानं म्हणणार, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला.’ रघुनाथरावांनी शिकवलेल्या स्पष्ट उच्चारात म्हणणार. विमलाबाईंना त्या विचारानं राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, असंही नव्हतं. फक्त हात त्या अक्षरांपर्यंत जात नव्हता. आणि कार्ड गेलंच नाही, तर? हौसाबाई त्या दिवशी वाटी घेऊन भिंतीपाशी येणार नाही हे खरं, पण तिला वाटेल, विमलनं मला माझ्या लेकाबरोबर एकाच गाठोड्यात बांधलं. भाकरी खाऊन गेली आणि विसरली. नवऱ्याचं ऐकावं तर ही म्हातारी जाते. म्हातारीला धरावं तर तिच्यामागून तो येतो. यातलं काही रघुनाथरावांना सांगायला जावं, तर त्यांच्याजवळ उरलेलं एकुलतं एक चांगलं माणूस आपल्या हातानं पुसावं लागतं.

पण कोंबडीला वाचणारं कुणी लागत नाही.

त्यांनी नवा कागद घेतला. भिंत काढावी, दोन वाट्या काढाव्यात, असं आधी मनात होतं. पेन्सिल मात्र चुलीवर गेली. हौसाबाईची चूल, डाव्या बाजूला खपली उडालेली. तवा. काठवट. तिच्यासमोर तीन ताटल्या, एक लहान. ताटल्यांत भाकरी. माणूस एकही नाही. मग रंग द्यायची वेळ आली तेव्हा त्या थांबल्या. जाळ काढायचा का? न पेटलेली चूल काढून पाठवली तर ते अशुभ. सणाच्या दिवशी असं कुणी पाठवत नाही. त्यांनी कुंकवाच्या पाण्यात बोळा बुडवला आणि चुलीत जाळ काढला. वर हळदीचा हात फिरवला. 

कडेनं तिळाची ओळ. हलव्याची पुडी डाव्या कोपऱ्यात खाली. अक्षर एकही नाही, नावंसुद्धा नाहीत. पाकिटावर गं. भा. हौसाबाई, मुक्काम पोस्ट माळवेडी, जिल्हा सातारा. पत्ता काय, तो पोस्टमनसाठी असतो. पाठीमागं सवयीनं आपला पत्ता लिहिला.

एकतीस पाकिटं रघुनाथराव कल्याणला जाताना घेऊन गेले. बत्तिसावं विमलाबाईंनी दळणाच्या डब्यात घातलं, चक्कीवर जाताना स्टेशनाजवळच्या पेटीत टाकलं, आणि दळण घेऊन आल्या. चोरून काही केलं म्हणून छाती धडधडते म्हणतात. तसं काही झालं नाही.

संक्रांत आली आणि गेली. चाळीतल्या बायकांनी हळदीकुंकू केलं, विमलाबाईंना आग्रहानं बोलावलं, त्यांनी वाण घेतलं. नणंदांची पत्रं आली, तुझं कार्ड पाहून रडू आलं म्हणून. एका रविवारी कळव्याहून बायजा आली, काखेत टोपली, टोपलीत जिवंत कोंबडी. “ही ती नाय,” आवडाबाई साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, “ही तिची पोर हाय! पन चालल!” आणि दोघी बहिणी ओटीवर बसून एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा त्याच कोंबडीवरून भांडल्या. आवडाबाईंनी विमलाबाईंना हाक मारली, “बघ गो, तुझ्या चित्रानं काय केला!” विमलाबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. हसायला हवं हे कळून त्या हसल्या.

माळवेडीहून काही आलं नाही. पोस्टमन आला की त्या दारात जायच्या, तो गेला की आत यायच्या. आपण वाट बघतो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. दुपारची वेळ. पत्त्याचं अक्षर पाहिलं आणि विमलाबाईंनी ते ओळखलं. नऊ वर्षं आपल्याच ओट्यावर पाटीवर गिरवलेलं अक्षर. त्या दारातच उभ्या राहून वाचायला लागल्या.

‘सौ. विमलवयनींस हौसाबाईचा नमस्कार. तुमचा कागद पावला. हलवा समदा धड आला. चूल वळखली. तुमी एक अक्षर लिवलं न्हाई. आदी मला वाटलं मला वाचाया येत न्हाई म्हून चित्र काडलं. मग मारुतीच्या तोंडाकडं बगितलं आन कळलं. त्यानं वाचू नये म्हून तुमी लिवलं न्हाई. बराबर केलं. त्या दिवशी त्यो राकेलचा डबा घिऊन तुमच्या घरावर गेला हुता ते मला ठावं हाय. तुमी आत जेवत हुता तवा त्यो भाईर पाय धूत हुता. म्या वरीसभर त्येला कायबी इचारलं न्हाई. तुमचा कागद आला तवा इचारलं. हे समदं त्येच्याच हातनं लिवून घेती हाय. लिवत न्हाई म्हनत हुता. तीन दीस कागद तसाच फुडं ठिवला. आता तुमी लिवा. त्या दिवशी काय काय झालं, तुमी काय बगितलं, ते लिवा. त्यो मोठ्यानं वाचंल, मी ऐकीन. यमीला मुका.’

‘डबा घिऊन’ या शब्दांपाशी टाक बराच वेळ टेकून राहिला असावा. शाई पसरून वाटाण्याएवढा डाग पडला होता. त्यापुढचं अक्षर मात्र तसंच, एकसारखं, ओळी सोडून न जाणारं.

विमलाबाई आत आल्या. डाळ शेगडीवर होती, ती उतरवली. पोस्टकार्ड लपवता आलं असतं. पिठाच्या डब्याखाली, यमूच्या वहीत, नाहीतर शेगडीत. रघुनाथराव साडेसातला येणार होते. त्या डब्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ताट वाढलं आणि पोस्टकार्ड ताटाशेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं.

रघुनाथरावांनी हातपाय धुतले, पाटावर बसले आणि अक्षर बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मारुतीचं पत्र! पत्ता कसा कळला त्याला?” म्हणत त्यांनी ते उचललं. यमू जेवत होती. विमलाबाई पोळीला तूप लावत होत्या. वर न बघताही त्यांना कळलं ते कुठल्या ओळीला पोचले.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग यमूला म्हणाले, “बाळ, जा, आवडाबाईंकडे जाऊन बस जरा.” यमू गेली.

“तू चित्र पाठवलंस.”

“हो.”

“मी नको म्हटलं होतं.”

“हो.”

“आणि हे…” त्यांनी बोट त्या डागावर ठेवलं. “हे तुला ठाऊक होतं?”

“तो दारात आला होता. वास आला.”

“कधी?”

“त्याच दिवशी. दिवेलागणीला.”

“म्हणजे वर्ष झालं.” रघुनाथरावांचा आवाज बारीक झाला. “वर्षभर मी इथं बसून म्हणतोय, मारुती एक तेवढा… आणि तू समोर बसून पोळ्या वाढतेस. एकदाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?”

“तुमच्याजवळ तेवढंच राहिलं होतं,” विमलाबाई म्हणाल्या. “ते मी कशी घेऊ?”

ते ताटावरून उठले. हात न धुताच गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली आवडाबाईंच्या ओटीवर यमूचा आवाज ऐकू येत होता, ती त्या कोंबडीला काहीतरी नाव ठेवत होती. विमलाबाईंनी ताट झाकलं. आपलंही झाकलं. भांडी गोळा केली. रघुनाथराव तिथंच उभे होते, पाठमोरे, दोन्ही हात कठड्यावर. त्यांचे खांदे हलत होते. त्यांच्याजवळ जावं, पाठीवर हात ठेवावा, हे विमलाबाईंना समजत होतं. पण त्या गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर तो हातही ताटासारखाच वाढला गेला असता.

त्यांनी कंदील जवळ ओढला. घरात कोरी पोस्टकार्डं होती, पेढीच्या कामासाठी रघुनाथराव आणून ठेवत. त्यांनी एक घेतलं. वर उजवीकडे डोंबिवली लिहिलं, तारीख लिहिली. गं. भा. हौसाबाईंस सप्रेम नमस्कार. इथपर्यंत हात सहज आला, हे सगळं नेहमीचंच. त्याखाली पुढच्या ओळीत, मोठ्यांनी धाकट्याला लिहायची रीत म्हणून, चि. मारुतीस आशीर्वाद असं यायला हवं होतं. टाक दौतीत बुडवून त्यांनी ती ओळ कोरी सोडली आणि तिच्या खाली सुरुवात केली.

‘हे मारुतीनं मोठ्यानं वाचावं. चार वाजले होते. मी तांदूळ निवडत होते. यमू ओट्यावर पाटी पुसत होती. आधी कुत्री भुंकली.’

लिहिताना त्यांना काही वाटत नव्हतं. पण तांदूळ कुठले ते आठवलं, सूप कुठल्या बाजूनं फाटलं होतं ते आठवलं, ते सगळं त्यांनी लिहिलं. कोण पुढं होतं, कोण मागं. गोठ्यातली गाय कुणी सोडली. गाय त्या गर्दीतल्याच एकानं सोडली होती, तेही लिहिलं. सासूबाईंच्या फोटोची काच कशी तडकली. हौसाबाईच्या स्वयंपाकघरात बसल्यावर आपल्या मनात काय आलं, नऊ वर्षांत आपण तिला आपल्या चुलीपाशी कधी बसवलं नाही, तेही लिहिलं, आणि हे मारुतीनं थांबून, नीट वाचावं, असंही लिहिलं.

गॅलरीतून रघुनाथराव आत आले. पाटावर परत बसले नाहीत, कंदिलाच्या पलीकडे भिंतीला टेकून बसले. त्यांचे डोळे लाल होते.

“काय लिहितेस?” त्यांनी विचारलं.

“ती म्हणाली ते.”

“मला वाचून दाखव.”

विमलाबाईंनी कार्ड उजेडात धरलं आणि पहिल्यापासून वाचलं, सामानाची यादी वाचावी तशा सपाट आवाजात. वर्षभरात रघुनाथरावांनीही कधी विचारलं नव्हतं, त्या दुपारी नेमकं काय झालं म्हणून. वाचून होईपर्यंत त्यांनी मान खाली घातली होती.

“पुढं?” ते म्हणाले.

कार्डाची पाठ भरली होती. समासात आडव्या बाजूनंही लिहून झालं होतं, अक्षर मुंगीएवढं झालं होतं, आणि गोष्ट अजून मारुती दारात येऊन पाणी मागतो तिथपर्यंत पोचायची होती. विमलाबाईंनी ते वाळायला बाजूला ठेवलं आणि दुसरं कार्ड घेतलं.